गिंडीचं मैदान आणि बॅग वाहणाऱ्यांची विद्या



मद्रास म्हटलं की आपल्या मराठी मनात आधी तंजावरचे भोसले येतात, सरस्वती महाल येतो, फार तर बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव येतात. आज मी तुम्हाला त्याच शहराच्या दक्षिण भागात, गिंडीला घेऊन जाणार आहे. आणि विषय आहे गोल्फ.

आता काही जण म्हणतील, गोल्फचा आणि आपला काय संबंध? तो बड्या लोकांचा खेळ. क्लबाचं सदस्यत्व हवं, महागडं सामान हवं, सकाळचा वेळ मोकळा हवा. ही शंका रास्त आहे आणि आजचं सगळं बोलणं तिच्यातूनच निघतं. कारण आपल्या देशातला गोल्फचा इतिहास क्लबाच्या सदस्यांचा जेवढा आहे, तेवढाच तो त्यांच्या बॅगा खांद्यावर घेऊन चालणाऱ्यांचा आहे. हा खेळ खेळण्यात, शिकवण्यात आणि खेळाडू घडवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यातले बरेच जण क्लबाच्या मागच्या दाराने आत आलेले होते. मी स्वतः गोल्फ खेळत नाही. पण या माणसांची विद्या कशी जमली आणि कुठे राहिली, हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

गिंडी नावाची जागा

गिंडीत काय काय आहे बघा. राज्यपालांचं निवासस्थान आहे. त्याला लागून पावणेतीन चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, भर शहरात हरणं फिरतात. १७९४ साली जमीन मोजणीची शाळा म्हणून सुरू झालेलं आणि पुढे इथे आलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लशींसाठी ओळखली जाणारी किंग इन्स्टिट्यूट आहे, औद्योगिक वसाहत आहे. आणि या सगळ्यांच्या मध्ये घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे. इथे अठराव्या शतकापासून घोडे धावले. मद्रास रेस क्लब १८९६ चा, तर मद्रास जिमखाना क्लब १८८४ चा. जिमखाना हा शब्द, जाता जाता सांगतो, इंग्रजांनी सोबत आणलेला नाही. तो आपल्याच 'गेंदखान्या'वरून आला असं मानतात.

शर्यतीची धावपट्टी लंबगोल असते आणि तिच्या पोटात मोठी मोकळी जागा उरते. गिंडीत त्या जागेत जिमखान्याने गोल्फ मांडला, अठरा होलचा. एकाच जमिनीवर दोन खेळ. कडेने घोडे, आत चेंडू. वसाहतीच्या काळातल्या अनेक गावांत ही जोडी दिसते. बेळगावच्या प्रेक्षकांना वेगळं सांगायला नको. तिथल्या रेसकोर्सच्या परिसरातल्या गोल्फच्या मैदानात २०२२ मध्ये बिबट्या शिरला होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

आता गिंडीची बातमी. सप्टेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने रेस क्लबाचा भाडेपट्टा रद्द केला आणि सुमारे १६० एकर जमीन ताब्यात घेतली. पट्टा १९४६ पासून ९९ वर्षांचा होता. भाडं ठरलं होतं वर्षाला ६१४ रुपये आणि काही आणे. पुढे भाडेवाढीवरून वाद झाला आणि मार्च २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने थकबाकीपोटी ७३० कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरायचा आदेश दिला. जमीन ताब्यात घेतल्यावर सरकारने ११८ एकर फलोत्पादन खात्याकडे दिली, पर्यावरण उद्यानासाठी. पुराचं पाणी साठवायला तळी खोदायचं ठरलं. रेस क्लबाबरोबर आतल्या गोल्फच्या मैदानालाही कुलूप लागलं. प्रकरण अर्थातच न्यायालयात गेलं.

या वादात आपल्याला दोन पक्ष दिसतात. एक सरकार, दुसरा क्लब. एक म्हणतो जमीन जनतेची, दुसरा म्हणतो करार आमचा. पण त्या मैदानावर तिसराही एक पक्ष होता. रोज पहाटे फाटकाशी येऊन आपला नंबर लागायची वाट पाहणारा.

कॅडी नेमकं काय करतो

गोल्फमध्ये खेळाडूची बॅग उचलून चालणाऱ्याला कॅडी म्हणतात. बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात, हा नियम १९३८ पासूनचा. प्रत्येक काठीची लांबी वेगळी, पात्याचा कल वेगळा, म्हणून चेंडू जाण्याचं अंतर वेगळं. अठरा होल म्हणजे सात-आठ किलोमीटरची चाल, चार-साडेचार तासांची. चेन्नईच्या उन्हात.

पण हमाली हा त्या कामाचा दिसणारा भाग झाला. न दिसणारा भाग डोळ्यांचा आहे. चेंडू कुठे पडला हे कॅडीने बघायचं. पल्ला किती उरला हे नजरेनं मोजायचं. वारा कुठून येतो आहे ते सांगायचं. समुद्राकाठच्या शहरात हे सोपं नसतं. सकाळी वारा जमिनीवरून वाहतो आणि दुपार होता होता समुद्रावरून, म्हणजे त्याच होलला सकाळी एक काठी लागते आणि दुपारी दुसरी. शेवटी चेंडू खळग्याजवळच्या तुळतुळीत गवतावर आला की जमिनीचा उतार वाचायचा. हा उतार बोटभरही नसतो, पण चेंडू हातभर वळतो.

रोज हे काम करणारा मुलगा वर्षाकाठी शेकडो माणसांना खेळताना बघतो. कोणाचा खांदा आधी फिरतो, कोण घाईत मान वर करतो, कोणाचा तोल मागच्या पायावर राहतो. शिकवणीच्या भाषेत ज्याला निरीक्षण म्हणतात, ते त्याच्या पोटापाण्याचा भाग असतं.

आणि मग तो स्वतः खेळायला लागतो. मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ चा. त्याच्या आसपासच्या वस्तीत कॅडी मुलांनी स्वतःचा गोल्फ काढला. लोखंडी सळई टोकाला वाकवून काठी केली, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि गल्ली, गटार, पत्र्याची छपरं असं सगळं मैदान मानलं. चुकलात तर चेंडू कोणाच्या तरी स्वयंपाकघरात. ज्याने हे साधलं त्याच्या हातात इतकी हुकमत येते की मोकळं हिरवं मैदान त्याला ऐसपैस वाटावं.

मराठी वाचकाला यातून एक नाव आठवायला हवं. पळवणकर बाळू. पुण्यातल्या युरोपियन लोकांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखायचे, जाळी बांधायचे आणि सरावाला येणाऱ्या साहेबांना चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा कसलेला फलंदाज रोज समोर. त्या हजारो चेंडूंतून हिंदुस्थानचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज घडला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. पण पुण्याच्या त्या जाळीत त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणं हे चाकराचं काम, फलंदाजी साहेबांची. गोल्फमधल्या कॅडीची गोष्ट याच घरातली आहे.

मूळ गावातही तेच

तुम्हाला वाटेल, हे गुलामगिरीच्या काळातलं, आपल्याकडचं. पण गोल्फच्या माहेरीही सुरुवात अशीच झाली. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावात १८२१ साली टॉम मॉरिस जन्मला. पोरवयात तो ॲलन रॉबर्टसनच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. काम काय, तर चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून चेंडू शिवायचे. पुढे तो मैदानाची देखभाल करू लागला, काठ्या-चेंडू विकू लागला, बड्या लोकांना शिकवू लागला आणि स्वतः स्पर्धा खेळू लागला. चारदा ओपन जिंकला, शेवटची १८६७ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी. माळी, कारागीर, शिक्षक आणि विजेता, सगळं एकच माणूस. त्या काळात 'प्रोफेशनल' या शब्दाला आजचं तेज नव्हतं. प्रोफेशनल म्हणजे पैसे घेऊन काम करणारा, म्हणजे चाकरीतला. सभ्य गृहस्थ हौस म्हणून खेळायचे. प्रोफेशनलला क्लबाच्या इमारतीत मोकळेपणानं वावरता यायला विसावं शतक उजाडावं लागलं. अमेरिकेत १९२० च्या राष्ट्रीय स्पर्धेत इन्व्हरनेस क्लबाने खेळाडूंना आत घेतलं, तेव्हा त्याची मोठी गोष्ट झाली.

हिंदुस्थानात गोल्फ लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत १८४२ मध्ये, बंगळूरात १८७६ मध्ये. हौशी खेळाडूंची अखिल भारतीय स्पर्धा १८९२ पासून. म्हणजे आपल्याकडे विलायतेतली चाकर आणि गृहस्थ ही उतरंड तर आलीच, वर रंगाची आणि जातीची पुटं चढली.

वसाहतीचं हेच वजन समुद्रापलीकडे दिसतं. १८६० साली मद्रास बंदरातून 'ट्रुरो' नावाचं जहाज गिरमिटिया मजूर घेऊन नाताळला निघालं, आणि दक्षिण आफ्रिकेत भारतीय वस्ती रुजली. त्या समाजात पुढे सेवसुंकर सेवगोलम जन्मला, सगळे त्याला पापवा म्हणत. डर्बनमधला कॅडी. शाळेचा गंध नाही. उजवा हात वर, डावा खाली, अशी काठी धरायचा. नेमकी उलट. कोणी शिकवायला नव्हतं, म्हणून कोणी दुरुस्तही केलं नाही. त्याच पकडीनं तो १९५९ ची डच ओपन जिंकला आणि नंतर आणखी दोनदा. १९६३ मध्ये नाताळ ओपन जिंकला, तेव्हा वर्णभेदामुळे त्याला क्लबाच्या इमारतीत प्रवेश नव्हता. चषक बाहेरच स्वीकारला. १९६५ मध्ये त्याच स्पर्धेत त्याने गॅरी प्लेअरला हरवलं. पुढे सरकारने त्याच्या खेळण्याची वाटच बंद केली.

सव्वीस वर्षांची मधली जागा

आपल्याकडे इंडियन ओपन १९६४ मध्ये सुरू झाली. पहिला विजेता ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन. दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, पी. जी. सेठी जिंकले. ते हौशी खेळाडू, म्हणजे सदस्यांच्या बाजूचे. मग थेट १९९१. त्या वर्षी दिल्लीत अली शेर जिंकला. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल. तो दिल्ली गोल्फ क्लबातलाच कॅडी होता. ज्या गवतावर त्याने दुसऱ्यांच्या बॅगा वाहिल्या, तिथेच त्याने चषक उचलला. १९९३ मध्ये पुन्हा जिंकला.

मधली सव्वीस वर्षं भारतीय प्रोफेशनल काय करत होते? बरेच जण सकाळी सदस्यांना शिकवत होते. मला या इतिहासातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. ज्याला कोणी शिकवलं नाही, तोच गुरू झाला. कॅडी मोठा झाला की क्लबाचा प्रशिक्षक व्हायचा आणि साहेबांच्या मुलांच्या हातात काठी द्यायचा. आपण एकलव्याची गोष्ट अंगठ्यापाशी थांबवतो. इथे अंगठा शाबूत राहिलेला एकलव्य हस्तिनापुरात परत येतो आणि राजपुत्रांना धनुष्य धरायला शिकवतो. फक्त बसायला आसन मिळत नाही.

अली शेरनंतर वाट रुंद झाली. २००२ मध्ये लखनौचा विजय कुमार इंडियन ओपन जिंकला. २००९ मध्ये बंगळूरचा सी. मुनियप्पा जिंकला. दोघंही कॅडी म्हणून सुरुवात केलेले. आणि आपल्या माळव्यातल्या महूचा मुकेश कुमार. देशातल्या स्पर्धा त्याने किती जिंकल्या ते मोजता मोजता दमायला होतं, शंभराच्या वर. पण आशियाई दौऱ्यावरचं पहिलं विजेतेपद त्याला डिसेंबर २०१६ मध्ये दिल्लीत मिळालं, तेव्हा वय ५१. ज्या वयात लोक खेळाच्या आठवणी सांगतात, त्या वयात.

शिकवणं म्हणजे काय

शिकवण्याची बाजू थोडी उलगडून सांगतो. टेक्सासमध्ये हार्वे पेनिक नावाचे एक गुरू होऊन गेले. आठव्या वर्षी ऑस्टिनच्या क्लबात कॅडी म्हणून आले आणि सारं आयुष्य त्याच क्लबात शिकवण्यात घालवलं. शिष्यांबद्दलच्या नोंदी एका लाल वहीत ठेवत. त्या वहीचं पुस्तक १९९२ मध्ये निघालं आणि जगभर खपलं. एप्रिल १९९५ च्या सुरुवातीला ते वारले. त्यांचा शिष्य बेन क्रेनशॉ बुधवारी गुरूला खांदा देऊन आला आणि त्याच रविवारी मास्टर्स जिंकला. शेवटचा चेंडू खळग्यात पडल्यावर तो तिथेच वाकून रडला.

आपल्याकडे बंगळूरजवळ विजय दिवेचा यांचं उदाहरण घ्या. त्यांच्याकडे सैन्यातल्या डॉक्टरांचा मुलगा अनिर्बन लाहिरी शिकला, जो २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. आणि त्यांच्याचकडे ईगलटन रिसॉर्टशेजारच्या खेड्यातला, चेंडू गोळा करणारा चिक्करंगप्पा शिकला आणि प्रोफेशनल झाला. एकच गुरू, एकच मैदान. फाटक कोणासाठी उघडायचं हे एका माणसाने ठरवलं, तर काय होऊ शकतं ते इथे दिसतं. प्रशिक्षकांना मानही मिळू लागला आहे. २०२३ च्या पुरस्कारांत जसकिरत सिंग ग्रेवाल यांना जीवनगौरव गटात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला. बंगळूरची अदिती अशोक तिथे चौथी आली आणि अनेक मराठी घरांत पहाटे उठून लोकांनी पहिल्यांदाच गोल्फ बघितला.

पण आता प्रशिक्षक व्हायला अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, प्रमाणपत्रं आहेत. ते हवंच. फक्त त्या परीक्षेच्या भाषेत न बसणारी, नजरेत आणि तळव्यांत साठलेली विद्या मोजायची कशी, याचं उत्तर कुठल्याच प्रमाणपत्रात नाही.

मैदान कोणाचं

आता गिंडीकडे परत येऊ. सरकारची बाजू मला पोकळ वाटत नाही. २०१५ चा पूर चेन्नई विसरलेली नाही. डिसेंबर २०२३ च्या चक्रीवादळात गिंडीशेजारचं वेळाचेरी पुन्हा पाण्यात गेलं. अशा शहरात १६० एकर मोकळी जमीन वर्षाला ६१४ रुपयांवर काही लोकांच्या खेळासाठी राखून ठेवणं समर्थनीय नाही. तळी हवीत. झाडं हवीत. लोकांना आत जायला मिळायला हवं.

आपल्याकडे हे आधी घडलेलं आहे. नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदान आहे. साहेब गेले, गोल्फ गेला, मैदान लोकांचं झालं. तिथे क्रिकेट खेळलं जातं, रणजीचे सामने झाले, सकाळ-संध्याकाळ नाशिककर फेऱ्या मारतात. १९०९ मध्ये जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव त्याला दिलं आहे. अन्याय नीट उलटवला गेला, असंच मी म्हणेन. तरी रिक्षावाल्याला सांगताना लोक अजून 'गोल्फ क्लब' म्हणतात. नाव उरलं. त्या मैदानावर काम करणाऱ्या माणसांचं मात्र काहीच उरलं नाही.

म्हणून गिंडीबद्दल माझं म्हणणं असं. मैदान एक तर बड्यांचं राहील किंवा गोल्फ पूर्ण जाईल, हे दोनच पर्याय आहेत हे मला पटत नाही. जगातलं सर्वांत नावाजलेलं गोल्फ मैदान, सेंट अँड्र्यूजचं, सार्वजनिक जमिनीवर आहे. १५५२ च्या सनदेत गावकऱ्यांचा तिथे खेळायचा हक्क मान्य केलेला आहे, अगदी ससे पाळायच्या व्यवहारासकट. आजही रविवारी जुन्या मैदानावर खेळ बंद असतो आणि गावातले लोक पोरंबाळं, कुत्री घेऊन त्या गवतावरून फिरतात. दिल्लीत विकास प्राधिकरणाने २००० साली कुतुबजवळ सार्वजनिक गोल्फ मैदान केलं. आपल्या सिडकोने खारघरच्या दरीत केलं. सदस्यत्वाशिवाय, शुल्क भरून खेळता येतं.

गिंडीत उद्यान व्हावं, तळी भरावीत. पण त्याच आराखड्यात एका कोपऱ्यात सरावाची पट्टी ठेवता येईल. दोन-चार एकरात भागतं. महापालिकेच्या शाळांतली मुलं तिथे यावीत आणि त्यांना शिकवायला, पगारावर, तेच लोक असावेत ज्यांनी इतकी वर्षं तिथे बॅगा वाहिल्या. त्यांना जमिनीचा उतार माहीत आहे, वारा कधी फिरतो ते माहीत आहे. घोड्यांचं पुनर्वसन होऊ शकतं, क्लबाला दुसरीकडे जागा मिळू शकते. पण पन्नाशीच्या कॅडीच्या डोळ्यांत जे साठलं आहे, ते एका मैदानावरून उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ते फक्त दुसऱ्या माणसाला शिकवता येतं आणि त्यासाठी समोर शिकणारा उभा असावा लागतो.

क्लबाच्या भिंतीवर विजेत्यांच्या नावांचे सोनेरी अक्षरांतले फलक असतात. त्यात त्यांच्यामागे चालणाऱ्यांची नावं लिहायची पद्धत नव्हती. तुमच्या गावात जिमखाना असेल, जुनं रेसकोर्स असेल, छावणीचं मैदान असेल, तर तिथल्या म्हाताऱ्या माळ्याशी, जाळी बांधणाऱ्याशी, चेंडू गोळा करणाऱ्याशी एकदा बोला. काय सांगतील ते लिहून ठेवा आणि जमलं तर आम्हालाही कळवा.